महसीर, गळ आणि आपल्या नद्यांचे डोह

पश्चिमेकडील थंड हवामानाच्या देशांत नदीकाठी गळ टाकून ट्राऊट नावाचा मासा धरणे हा फार जुना व प्रतिष्ठित छंद मानला जातो. एखाद्या ओढ्याशी, त्याच्या विशिष्ट वळणाशी आणि तेथील खडकांशी माणसाचे आयुष्यभराचे नाते जडते. स्टीलहेड हा याच ट्राऊटचा एक प्रकार होय. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत तो जन्मास येतो, बालपण गोड्या पाण्यात काढून पॅसिफिक महासागरात उतरतो आणि एक ते तीन वर्षांनी, अंगाने भरून व पोलादी रंगाची झाक घेऊन, अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतो. त्याच जातीचे जे मासे समुद्रात न जाता नदीतच राहतात, त्यांना इंद्रधनुषी ट्राऊट म्हणतात.

अशी वर्णने वाचली की शाळेतील जिज्ञासू विद्यार्थी हटकून विचारतो, आपल्या ओढ्यांत ट्राऊट का नसतो? प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर पाण्याच्या तपमानात आहे. ट्राऊटला साधारणतः दहा ते अठरा अंश सेल्सिअसचे, स्वच्छ व वाहते पाणी मानवते. पाणी जितके थंड तितका त्यात विरघळलेला प्राणवायू अधिक, आणि ट्राऊटची प्राणवायूची गरज मोठी. पाणी वीस अंशांवर गेले की तो अस्वस्थ होतो, पंचविशीच्या पुढे त्याचा निभाव लागणे कठीण. आपल्या दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात नद्यांच्या पाण्याचे तपमान याहून सहज वर जाते. म्हणूनच भारतात ट्राऊट रुजला तो केवळ उंच डोंगरांत. काश्मीरमध्ये १९०० मध्ये ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांतून तपकिरी ट्राऊटची वाढ झाली. निलगिरीत एकोणिसाव्या शतकातील अनेक प्रयत्न फसल्यावर, १९०६-०७ च्या सुमारास एच. सी. विल्सन यांना इंद्रधनुषी ट्राऊट रुजविण्यात यश आले. कुलू खोऱ्यातही त्याच दशकात ट्राऊटची अंडी उबविण्याचे केंद्र सुरू झाले. मनालीच्या सहलीला गेलेल्या मराठी मंडळींनी पतलीकुहल येथे हा मासा पाहिला असेल, कदाचित चाखलाही असेल. महाराष्ट्रात मात्र त्याला जागा नाही.

मग आपल्या नद्यांत गळ टाकावा, असे काही आहे की नाही? आहे, आणि ते ट्राऊटहून कोणत्याही अर्थाने उणे नाही. तो मासा म्हणजे महसीर.

सीनेपासून घोडनदीपर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून, पुणे रस्त्यावर वसलेले केडगाव रेणुकामातेच्या देवस्थानामुळे परिचित आहे. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे प्रसिद्ध झालेले दौंड तालुक्यातील केडगाव ते निराळे. टपालाच्या व रेल्वेच्या बाबतीत हा घोटाळा अनेकांनी अनुभवला असेल.) एके काळचे हे खेडे आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. या परिसराची नदी सीना. तिचा एक उगम शहराच्या पश्चिमेस जामगावाकडे, तर दुसरा ईशान्येस जेऊरकडे. पुढे कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्डा येथे तिच्यावर धरण आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडल येथे ती भीमेला मिळते. शके ९४० चा मराठी शिलालेख ज्या संगमावर आहे, तोच हा संगम.

सीना ही पर्जन्यछायेतील नदी. पावसाळ्याचे चार महिने वाहायचे, हिवाळ्यात रोडावायचे आणि उन्हाळ्यात डोहाडोहांतून जीव धरून राहायचे, हा तिचा मूळ स्वभाव. शहराजवळच्या पट्ट्यात सांडपाण्याने तो स्वभावही पालटला आहे. तेथे आज गळ टाकण्याचा सल्ला कोणी देणार नाही. परंतु केडगावातून त्याच पुणे रस्त्याने पन्नासएक किलोमीटर गेले की घोड नदीचा पूल लागतो. नदीच्या अलीकडे अहिल्यानगर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्ह्यातील शिरूर. शिरूरला आजही अनेक जण घोडनदी म्हणूनच ओळखतात. या नदीने माशांच्या शास्त्राला एक नाव दिले आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते. जमीन, पिके, लोकसंख्या यांची माहिती गोळा करीत ते दख्खनच्या जिल्ह्यांतून हिंडले आणि त्या भ्रमंतीत त्यांनी येथील पशुपक्ष्यांची व माशांचीही नोंद केली. दख्खनमधील माशांवरचे त्यांचे लेखन १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शिरूरजवळच्या घोड नदीतील एका मोठ्या माशाला त्यांनी 'मुसुल्ला' असे नाव दिले, तर पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळालेल्या माशाला 'खुद्री'. ही नावे लॅटिन नव्हेत. काठावरच्या कोळी-भोयांनी ती जशी सांगितली तशी साहेबाने आपल्या कानाप्रमाणे टिपली. याच यादीत 'कोलस' आहे, 'रोहटी' आहे, आणि नाकावर टेंगळे असलेल्या एका माशाला दिलेले 'नुक्ता' हे नावही आहे, जे आपल्या 'नकटा' या शब्दाचे इंग्रजी कानाने ऐकलेले रूप होय. जगातील कोणत्याही मत्स्यशास्त्राच्या ग्रंथात आजही ही नावे तशीच छापली जातात. नोंद साहेबाच्या नावावर असली तरी ज्ञान त्या नाव न कळलेल्या मच्छीमारांचे होते, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

'खुद्री' म्हणजेच दख्खनी महसीर. काही भागांत त्याला खडशी किंवा खडची असेही म्हणतात.

महसीर ओळखावा कसा

महसीर हा रोहू, कटला यांच्याच कुळातील मासा. तरीही त्याची ओळख पटविणे अवघड नाही. खवले आकाराने मोठे, इतके की कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मध्यरेषेवर ते पंचवीसच्या आसपासच भरतात. रोहूच्या अंगावर हीच संख्या चाळीसच्या पुढे जाते. शिक्षकांनी बाजारातील रोहू आणून विद्यार्थ्यांकडून खवल्यांची एक ओळ मोजवून घेतली, तर हा फरक कायमचा लक्षात राहील. ओठ जाड व मांसल, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या, पर निळसर, अंग पाठीकडे गडद व बाजूंनी फिकट सोनेरी. जबड्यांत दात नसतात. दात असतात ते घशात, आणि ते इतके बळकट असतात की खेकडा व शंख-शिंपले तो सहज भरडतो.

खाण्याच्या बाबतीत हा मासा चोखंदळ नाही. खडकावरचे शेवाळ, पाण्यातले कीटक, लहान मासे, खेकडे, आणि काठावरच्या उंबराची पाण्यात पडलेली फळे, सारे त्याला चालते. नदीकाठचा उंबर तोडला जातो तेव्हा सावली जाते एवढेच आपण म्हणतो. पाण्यातल्या एका जिवाचे अन्नही त्याबरोबर जाते.

महसीरचे खरे वैशिष्ट्य त्याच्या बळात आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडात सर्वश्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या सामन माशाच्या पंक्तीला, किंबहुना त्याच्याही वर, त्यांनी महसीरला बसविले. दक्षिणेतील कबिनी नदीत १९४६ मध्ये एकशेवीस पौंडांचा महसीर गळाने धरला गेल्याची नोंद आहे. तो कावेरी खोऱ्यातील कुबडा महसीर, आपल्या खुद्रीचा थोरला भाऊबंद. खुद्री आकाराने त्याच्याएवढा होत नाही, पण ओढ तीच.

गळाची विद्या

गळाने मासे धरण्यात चार वस्तू लागतात: काठी, दोरा, गळ आणि आमिष. खेड्यातील मुलगा बांबूची काठी वापरतो, हौशी माणूस रीळ बसविलेली विलायती काठी घेतो. फरक मुख्यतः एवढाच की रीळ असले म्हणजे मोठा मासा ओढू लागताच दोरा सोडता येतो व तो दमला की गुंडाळता येतो. ट्राऊटसाठी पिसे व रंगीत धागे बांधून केलेली कृत्रिम माशी वापरतात, कारण ट्राऊट पाण्याच्या पृष्ठावर येणारे कीटक टिपतो. महसीरसाठी आपल्याकडे कणकेचा घट्ट गोळा, खेकडा, लहान मासा किंवा पाण्यात फिरत चमकणारा धातूचा चमचा ही आमिषे चालतात. मरळ वरच्या थरातल्या हालचालीला भुलतो, वाम तळातल्या गांडुळाला. ज्याला कोणता मासा कोठे राहतो हे कळले, त्याला अर्धी विद्या साधली.

महसीर राहतो वाहत्या पाण्याच्या कडेला. खळाळ जेथे संपतो व डोह जेथे सुरू होतो, ती जागा त्याला प्रिय. वरून वाहून येणारे खाद्य तेथे आयते मिळते आणि भीती वाटताच खोल पाण्यात शिरता येते. पावसाळा संपून पाणी निवळले की, साधारणतः ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, गळाचा हंगाम. पहाटेची व सूर्यास्ताची वेळ उत्तम. सावली पाण्यावर पडू देऊ नये, काठावर पाय आपटू नयेत. मासा आवाज ऐकण्यापेक्षा जमिनीचा कंप अधिक लवकर जाणतो. गळ लागताच महसीर प्रवाहाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो, तीत नवख्याचा दोरा तुटलाच म्हणून समजावे. दोरा ताणून न धरता बोटांच्या हलक्या दाबाने सोडत राहावे, हे सांगायला सोपे आहे. ते अंगी येण्यास दोन-तीन हिवाळे जातात.

अलीकडे अनेक हौशी मंडळी धरलेला मासा मोजून, ओल्या हातांनी हाताळून, पुन्हा पाण्यात सोडतात. त्यासाठी गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला असतो, म्हणजे जखम लहान होते व गळ पटकन निघतो. कोरड्या हातांनी धरले तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग रोगाला वाट मिळते. मुंबईत पवई तलावाच्या काठी गळकऱ्यांची संघटना अनेक वर्षांपासून आहे व तेथे या शिस्तीचा परिचय होऊ शकतो. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे, त्यांना मासा सोडून देण्याचा उपदेश करणे मात्र उचित नव्हे. राज्यातील बहुतेक मोठ्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेणे हे कायद्याने आवश्यक तर आहेच, शिवाय शेजारधर्मालाही धरून आहे.

अंडी, वाळू आणि वरची वाट

गळाच्या छंदाची एवढी चर्चा करण्याचे कारण निराळे आहे. नदीत महसीर असणे याचा अर्थ नदी जिवंत असणे. तो कोठे नाहीसा झाला हे पाहिले, तर नदीचे काय बिघडले तेही कळते.

स्टीलहेडप्रमाणे महसीर समुद्रात जात नाही, परंतु त्यालाही प्रवास असतो. पावसाळ्याचे पहिले लोंढे आले की प्रौढ मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात व जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान वरच्या अंगाला, गोट्या व वाळू असलेल्या उथळ वाहत्या पाण्यात अंडी घालतात. येथे रोहू व महसीर यांच्यातला एक मोठा भेद ध्यानी घेतला पाहिजे. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते, ती पाण्यात तरंगत राहतात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. महसीरची अंडी संख्येने पुष्कळ कमी, आकाराने मोठी, पिवळसर सोनेरी असतात. ती तळाशी बसतात आणि फुटण्यास तीन ते चार दिवस घेतात. त्यानंतरही पिले काही दिवस गोट्यांच्या फटीत अंग चोरून राहतात. या आठवड्याभराच्या काळात वरून चिखलाचा थर बसला, तर अंडी गुदमरतात. तळाची वाळू व गोटे यंत्राने उपसून नेले असतील, तर अंडी घालावीत कोठे, हाच प्रश्न उरतो.

मुळा, प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा या जिल्ह्यातील सर्वच नद्यांना वाळूउपशाची झळ लागलेली आहे. भूजलाची पातळी, पुलांचे खांब, महसुलाची हानी या दृष्टींनी या विषयाची चर्चा होते व ती योग्यच आहे. माशाच्या बाजूने तो विषय फारसा मांडला जात नाही. वाळू म्हणजे महसीरचे बाळंतघर होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा अडसर वाटेचा. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, पुढे मुळेवर बारागाव नांदूरचे, गोदावरीवर पैठणचे. या धरणांनी अवर्षणग्रस्त तालुक्यांना पाणी दिले. त्यांच्याविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. उंच भिंत ओलांडणे माशाला अर्थातच अशक्य. अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या बोनव्हिल धरणाला सामन व स्टीलहेड यांच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचे पाण्याचे जिने बांधण्यात आले व तेथून वर जाणाऱ्या माशांची मोजणी केली जाते. आपल्याकडे असे जिने विरळाच. परंतु एक गोष्ट आपल्या हातात आहे. गावोगावचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे मुळात माशाला अनुकूल आहेत, कारण पावसाळ्यापूर्वी त्यांचे बर्गे काढून घेण्याची पद्धत आहे आणि खांबांमधून नदी मोकळी वाहते. बर्गे वेळेवर निघाले तर मासा वर चढतो. ते गंजून अडकले, किंवा पहिल्या पुराची वाट पाहत तसेच राहिले, तर नेमकी चढण्याची वेळ टळते. पाटबंधारे शाखेच्या दृष्टीने ती आठवड्याची दिरंगाई असेल, माशाच्या दृष्टीने ते पूर्ण वर्ष असते.

तिसरे संकट माणसाच्या उतावळेपणाचे. डोहात सुरुंगाची कांडी टाकणे, गेळफळासारख्या वनस्पतींचा वा हल्ली कीटकनाशकांचा व ब्लीचिंग पावडरीचा वापर करणे, तारेने विजेचा झटका देणे, या मार्गांनी एका तासात डोह रिकामा होतो. खाण्याजोगा मासा हाती लागतो तो थोडा. पिले, बेडूक, खेकडे, किडे सारेच मरते. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञ अधिकाऱ्याने १८७३ मध्येच देशातील गोड्या पाण्यातील माशांच्या नाशाविषयी सरकारला अहवाल दिला होता. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्याने स्फोटके व विष यांचा वापर गुन्हा ठरविला. महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा आणि गुन्हा आजचा, अशी ही स्थिती.

देवाचे डोह

जेथे कायदा पोचला नाही तेथे श्रद्धेने काम केले, याचे दाखले आपल्या राज्यात आहेत. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, वैतरणेच्या काठी तिळसे येथे तिळसेश्वर महादेवाचे स्थान आहे. मंदिराजवळच्या डोहात महसीर आहेत व ते कोणी धरीत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथेही हीच प्रथा आहे. भाविक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पृष्ठावर येतात. देहूला इंद्रायणीच्या डोहातील माशांना वारकरी संप्रदायाने अभय दिले. इंद्रायणीच्या प्रदूषणाची जी चर्चा आज चालते, तीवरून हेही ध्यानी येते की गळापासून मासा वाचविणे श्रद्धेला जमते, वरच्या गावांतून येणाऱ्या सांडपाण्यापासून वाचविणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

शास्त्राच्या बाजूनेही महाराष्ट्राचे काम लक्षणीय आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तलावकाठी १९७० च्या सुमारास महसीरच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र सुरू झाले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी खुद्रीच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे एस. एन. ओगले यांच्यासह हे तंत्र पक्के केले. पावसाळ्यात पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढावयाची, त्यांवर नराचे वीर्य मिसळावयाचे व वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवावयाची, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. येथील पिले देशभर गेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला हा मासा अलीकडच्या फेरआढाव्यात कमी चिंतेच्या गटात आला, यात या केंद्राचा वाटा मानला जातो.

पण या यशाला एक दुसरी बाजू आहे व ती सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. वळवणची खुद्रीची पिले कावेरीतही सोडण्यात आली. तेथे ती इतकी फोफावली की कावेरीचा मूळचा कुबडा महसीर मागे पडला. वर उल्लेखिलेला १२० पौंडांचा मासा त्या जातीचा. या जातीला शास्त्रीय नाव निश्चित झाले तेच मुळी २०१८ मध्ये, आणि त्याच सुमारास तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तथापि एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे हे वृक्षारोपणाइतके निरुपद्रवी काम नव्हे. आपल्या नद्यांत तिलापिया पसरला, आफ्रिकी मागूर २००० पासून देशात बंदी असूनही तळ्यांतून नद्यांत उतरला, हेही याच जातीचे अनुभव आहेत. एखाद्या समारंभात मान्यवरांच्या हस्ते ओढ्यात मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ठरत असेल, तर ते बीज कोणत्या जातीचे व कोठले, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या सदस्याने अवश्य विचारावा.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत मत्स्यव्यवसायाचा समावेश आहे, तो पाचव्या क्रमांकावर. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते व लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पुष्कळ गावांच्या वहीत झाडांची यादी भरगच्च, पक्ष्यांची बरी आणि माशांचे पान जवळजवळ कोरे, असे होण्याचा संभव मोठा. मासा दिसत नाही म्हणून तो लिहिला जात नाही. तो ठाऊक असतो गळ टाकणाऱ्याला, जाळे विणणाऱ्याला, धुणे धुणाऱ्या बाईला. या माणसांना समितीच्या बैठकीस बोलावून बसविले, तर एका संध्याकाळी वीस-पंचवीस नावे सहज लिहून होतील. साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी हेच केले.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे. महत्त्वाच्या स्थळास स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून राज्य शासन जाहीर करू शकते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमस्थानी, महादेवाच्या मंदिरासमोरील कुंडात सापडलेल्या एका बोटभर माशासाठी २०२१ मध्ये शासनाने असे स्थळ घोषित केले. माशाचे नावही नदीवरून हिरण्यकेशी असेच ठेवण्यात आले आहे. क्षेत्र जेमतेम दोन हेक्टरांचे. म्हणजे यासाठी अभयारण्य लागत नाही, एक कुंड किंवा एक डोह पुरतो.

डोह निवडताना तो बारमाही आहे किंवा नाही, ही पहिली पाहणी. काठावर खडक, उंबर-करंजाची सावली, वरच्या अंगाला गोट्यांचा खळाळ आणि जवळपास सांडपाण्याचा नाला नसणे, या बाबी मागाहून. त्या डोहात व त्याच्या वर-खाली ठराविक अंतरात मासेमारी, वाळूउपसा व मोटारी बसविणे बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करता येतो. तेथे ज्या कुटुंबांची जाळी पडत होती, त्यांना त्याबदली खालच्या पट्ट्यात हक्क राखून द्यावा, अन्यथा ठराव कागदावरच राहील. मत्स्यव्यवसाय विभागाचे जिल्हा कार्यालय व पाटबंधारे शाखा यांना ठरावाची प्रत पाठवून बर्गे काढण्याची तारीख आधीच लेखी ठरवून घ्यावी.

सीनेसारख्या नदीत महसीर परत येईल असे आश्वासन कोणी देऊ नये. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे, आणि खडकाला चिकटून राहणारे लहान मासे एवढे जरी टिकले, तरी ती नदी नदी राहिली. जेथे घोड किंवा मुळेच्या वरच्या अंगाला अजून खळाळ आहेत, तेथे शोध घेण्यास वाव आहे. शाळेच्या मुलांनी वैशाखातील एका ठराविक दिवशी डोहात खुणेची काठी रोवून पाणी किती हात उरले ते मोजावे व दरवर्षी त्याच दिवशी पुन्हा मोजावे. नोंदवहीत माशांच्या नावांशेजारी तो आकडा लिहावा. उन्हाळ्यात दोन पुरुष पाणी असलेल्या डोहात मोठे मासे राहू शकतात. गुडघाभर पाण्याच्या डोहात बगळे व मुले त्यांना आठवड्यात वेचून काढतात.